पोपट एकट्याचा होत नाही : विनोदी व्याख्या लिहिणाऱ्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे : रोजच्या वापरातल्या आणि कट्ट्यावरच्या, कॉलेजातल्या बोलीतल्या शब्दांच्या विनोदी व्याख्या लिहायला घेतल्या आहेत. वाचणारे एक तर हसत नाहीत, नाहीतर हसून ‘पण याचा अर्थ हा नाही’ असं म्हणतात. विनोद आणि अर्थ यांचा मेळ कसा घालायचा? सोबत चार नमुने दिले आहेत.

मित्र : जो उसने पैसे घेतो आणि परत देत नाही.
मीटिंग : वेळेचा अपव्यय.
पोपट होणे : भारी लोच्या होऊन पचका होणे.
झोल : म्हणजे ना, सगळीकडे जे चालतं ते!!

मी कोशाच्या कामात गंभीर व्याख्या लिहिल्या आहेत. सदरांसाठी विनोदी व्याख्या लिहिल्या, इतरांच्या तपासल्या आणि त्यातल्या पुष्कळ परतही पाठवल्या. त्या अनुभवावरून सांगतो : विनोदी व्याख्या पडते ती बहुतेक वेळा विनोद कमी पडल्यामुळे पडत नाही. ती व्याख्या म्हणूनच उभी राहिलेली नसते. तुमच्या चारही नमुन्यांचं दुखणं हेच आहे, फक्त प्रत्येकाचं वेगळ्या जागी.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, व्याख्येला लक्षण म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात. उदाहरण गाईचं. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी, असं म्हटलं तर म्हैस आणि शेळीही आत येऊन बसतात. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी म्हटलं, तर पांढऱ्या आणि काळ्या गाई दाराबाहेर उभ्या राहतात. ही अव्याप्ती. एकच अखंड खूर असलेला प्राणी म्हटलं, तर अशी गाय जगात एकही सापडत नाही. हा असंभव. टिकतं ते लक्षण गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीचं, जिला सास्ना म्हणतात. ती प्रत्येक गाईला असते आणि तेवढ्यावरून गाय ओळखता येते. विनोदी व्याख्या तपासायला याहून चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही.

तुमचा ‘मित्र’ घ्या. उसने पैसे परत न देणाऱ्यांत मेहुणे, शेजारी, सहकारी आणि शाळेनंतर पहिल्यांदाच भेटलेले वर्गबंधूही येतात. म्हणजे अतिव्याप्ती. वाचणारा हसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मित्र येतच नाही, नुसता कर्जदार येतो. आता तोच मजकूर जरा आवळून पाहा :

मित्र (पु.) : ज्याला दिलेले पैसे मागताना देणाऱ्यालाच लाज वाटते असा माणूस.

यातून मेहुणा बाहेर गेला, शेजारीही गेला. (मेहुण्याबाबत मतभेद होऊ शकतो.) मैत्रीची खरी खूण आत आली, म्हणजे लाज कोणत्या बाजूला आहे ती. पैसे तेच आहेत, तक्रारही तीच आहे. बदलली ती नेमकेपणाची पातळी, आणि हसू आलं तर तिथूनच येईल.

अव्याप्तीचे नमुने तुम्ही पाठवलेले नाहीत, पण पुढे पाठवाल म्हणून आधीच सांगतो. नवरा-बायको, सासू-सून, बॉस यांच्यावरच्या बहुतेक चुटक्यांना हा रोग असतो. ‘बायको : जी कधीच ऐकत नाही’ हा कुणा एकाचा अनुभव झाला, आणि तोही बहुधा ढकललेल्या निरोपातून उसना घेतलेला. शब्दाचं त्यात काहीच नाही. मी असे मजकूर न वाचता बाजूला ठेवतो. अक्षरं फोडून केलेल्या व्याख्याही तशाच, म्हणजे शब्दाचं प्रत्येक अक्षर घेऊन त्याचा काहीतरी विस्तार करायचा. ते कोडं असतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात चालतं.

राहिला असंभव. विनोदाला अतिशयोक्ती लागते, त्यामुळे थोडा असंभव माफ असतो. पण ती अतिशयोक्ती मूळ खुणेच्याच दिशेने वाढलेली हवी. आळशी माणसाचा आळस दहापट करा, कुणी हरकत घेणार नाही. त्याला एकदम लबाड केलंत की वाचणारा हात सोडतो.

मीटिंगचा दोष वेगळा आहे. ‘वेळेचा अपव्यय’ हे मत झालं, आणि मतावर हसू येत नाही, फार तर मान डोलते. मताचं व्याख्येत रूपांतर करायचं तर माणसं काय करतात ते सांगावं लागतं. मराठीत या कामाचा सगळ्यात मोठा नमुना समर्थ रामदासांचा आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. त्यात मूर्ख म्हणजे अल्पबुद्धीचा मनुष्य असं म्हणून समर्थ मोकळे होत नाहीत. ओवीमागून ओवी ते एकेक वागणं समोर ठेवतात : ‘आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति । सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥’ यात मत कुठे आहे? नाही. तीन साध्या कृती आहेत आणि शेवटी शिक्का आहे. ऐकणाऱ्याला पहिल्या चरणात शेजारचा आठवतो, दुसऱ्यात भाऊबंद आठवतो, आणि तिसऱ्यात तो जरा सावरून बसतो. त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्ख येतो, म्हणजे ज्याला सगळं ठाऊक असूनही उपयोग नाही असा माणूस. मूर्ख आणि पढतमूर्ख यांना वेगवेगळे समास द्यावेत असं वाटणं, हीच कोशकाराची नजर.

तेव्हा मीटिंगमध्ये माणसं काय करतात ते आठवा. मी असं लिहीन :

मीटिंग (स्त्री.) : काम कोणी करायचे हे सगळ्यांना आधीपासून माहीत असताना, ते त्याला सांगण्यासाठी बोलावलेली बैठक. तो त्या दिवशी रजेवर असतो.

दुसरं वाक्य वेगळं ठेवलं आहे ते मुद्दाम. ही युक्ती जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ साली आला. त्यात आश्रयदात्याच्या नोंदीत आधी सरळ अर्थ आहे : पाठिंबा देणारा, सांभाळ करणारा. मग पुढचं वाक्य येतं, त्याचा आशय असा : बहुधा उर्मटपणे मदत करणारा आणि मोबदल्यात खुशामत घेणारा नीच इसम. जॉन्सनला स्वतःला एका लॉर्डाकडून याचा अनुभव आला होता, पण नोंदीत त्या लॉर्डाचा उल्लेख नाही. आधी कोशाचं काम चोख केलं, मग चिमटा काढला. ‘कोशकार’ या नोंदीतही तो आधी कोश लिहिणारा म्हणतो आणि मग निरुपद्रवी हमाल. सुमारे ४२ हजार शब्दांच्या त्या ग्रंथात अशा नोंदी अगदी मोजक्या आहेत, म्हणून त्या आजही सांगितल्या जातात. प्रत्येक नोंदीत त्याने असं केलं असतं, तर तिसऱ्या पानावर लोकांनी पुस्तक मिटलं असतं. तुमच्याही संग्रहात अधूनमधून एखादी अगदी सरळ, कोरडी, बरोबर व्याख्या ठेवा. मग पुढचीला धार येते.

व्याख्या जमली की नाही हे पाहण्यासाठी एक उलटी परीक्षा आहे. मूळ शब्दावर बोट ठेवा आणि नुसती व्याख्या कुणाला तरी वाचून दाखवा. त्याने शब्द ओळखला पाहिजे. अगदी तोच नाही, तरी त्याच्या शेजारचा. ‘वेळेचा अपव्यय’ वाचून दाखवलंत तर कुणी मोबाइल म्हणेल, कुणी क्रिकेट म्हणेल, कुणी तुमच्याकडे पाहील. ॲम्ब्रोज बिअर्स हा अमेरिकी पत्रकार वर्तमानपत्री सदरातून अशा व्याख्या लिहीत असे. त्या पुस्तकरूपाने १९०६ साली आल्या आणि १९११ साली ‘सैतानाचा कोश’ अशा अर्थाच्या नावाने पुन्हा निघाल्या. कंटाळवाण्या माणसाची त्याची व्याख्या अशी : आपली इच्छा त्याने ऐकावे अशी असताना जो बोलत राहतो तो. बोट ठेवून वाचा. कुणीही ‘पकाऊ’ म्हणेल, ‘बोअर’ म्हणेल. परीक्षा पास.

आणि आता बोट काढून पुन्हा वाचा. पकाऊ नक्की कोण आहे? बोलायची घाई तर आपल्यालाही झालेली होती. उत्तम विनोदी व्याख्या शब्दाला चिमटा काढता काढता बोलणाऱ्यालाही काढते. जॉन्सनच्या नोंदीतला हमाल तो स्वतःच होता. बिअर्सच्या बहुतेक व्याख्या मला जास्त कडू लागतात, एका बैठकीत दहापेक्षा जास्त वाचवत नाहीत, पण ही एक मी प्रत्येक नवशिक्याला देतो.

आता बोलीकडे येऊ. खरी मजा आणि खरी मेहनत इथेच आहे.

‘पोपट होणे : भारी लोच्या होऊन पचका होणे.’ यात बोलीतल्या एका शब्दाची उकल बोलीतल्याच तीन शब्दांनी केली आहे. ज्याला पोपट कळत नाही त्याला पचका कसा कळणार? आणि ज्याला पचका कळतो त्याला तुमची गरज काय? बोलीतला शब्द समजावताना व्याख्येची भाषा कोशाची ठेवायची, कपडे इस्त्रीचे. बोलीला उदाहरणाच्या वाक्यात मोकळं सोडायचं. दोघांच्या तोंडवळ्यातलं अंतर जितकं जास्त, तितकं हसू जास्त. पण त्याआधी शब्दाची सास्ना शोधली पाहिजे. पोपट केव्हा होतो? चूक झाल्यावर? नाही, चुका रोज होतात. तोंडावर पडल्यावर? जवळ आलात. माणूस आधी खात्रीने काहीतरी जाहीर करतो, ऐकायला लोक असतात, आणि ते लोक तिथेच असताना जाहीर केलेलं खोटं ठरतं. या तीन गोष्टींतली एक काढा, पोपट उडून जातो. म्हणून :

पोपट होणे (क्रि.) : स्वतःची पूर्ण खात्री असलेली गोष्ट चारचौघांत जाहीर केल्यावर ती तशी नसल्याचे त्याच चारचौघांत उघड होणे. साक्षीदार आवश्यक. एकट्याचा होतो तो नुसता गैरसमज. उदा. “ती माझ्याकडेच बघून हात हलवतेय म्हणाला, आणि मागून तिचा भाऊ आला. असला पोपट झाला ना!”

पचका याहून सौम्य असतो. ठरवलेलं फिसकटणं आणि त्याने चेहरा पडणं, एवढ्यावर तो भागतो. आधी जाहीर घोषणा केलेली असावी लागत नाही. फजिती आणखी मोठी आणि जुनी, ती आजोबांचीही होऊ शकते. पोपट आजोबांचा झाला तरी तो सांगणारा नातूच असतो.

तुमच्या त्याच वाक्यातला लोच्या आणि शेवटच्या नमुन्यातला झोल हे एकाच घराण्यातले शब्द आहेत, आणि हे घराणं मोठं आहे : घोळ, लोच्या, झोल, भानगड, राडा. एरवी हे सगळे ‘गडबड’ म्हणून एका वाक्यात गुंडाळले जातात. व्याख्या लिहिणाऱ्याने ते करू नये. त्यांच्यातला फरक बघायचा असेल तर आधी त्यांची क्रियापदं बघा. घोळ घालतात. लोच्या होतो. झोल करतात. भानगड असते. राडा घालतात किंवा करतात. घोळ घालणाऱ्याचं नाव माहीत असतं, पण त्याच्या मनात काही काळंबेरं नसतं. तो गडबडलेला असतो. लोच्या आपोआप ‘होतो’, यंत्रात, कागदपत्रात, वेळापत्रकात, कधी डोक्यात, आणि झाला त्या क्षणी कारण कुणालाच ठाऊक नसतं. झोल ‘होतो’ असंही लोक म्हणतात, पण मनातून त्यांना करणारा हवा असतो. झोलात हेतू असतो, फायदा असतो आणि तो शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली जातो. भानगड नुसती ‘असते’, कारण ती सुरू कधी झाली हे बाहेरच्यांना कळलेलंच नसतं. आणि राडा पुढच्या गल्लीत ऐकू येतो.

मी एकदा ही पाची नावं एकाच प्रसंगाला लावून दाखवली होती, नोंदीऐवजी उदाहरण म्हणून. सहलीच्या हिशेबात पैसे कमी निघाले. ज्याच्याकडे वही होती तो म्हणाला, बेरजेत घोळ झाला. ज्याने मोबाइलवर तक्ता केला होता तो म्हणाला, ॲपमध्ये काहीतरी लोच्या आहे. ज्यांनी पैसे भरले होते ते म्हणाले, झोल आहे. जे सहलीला आलेच नव्हते ते म्हणाले, आम्हाला आधीच वाटलं होतं, त्या दोघांची काहीतरी भानगड आहे. रात्री राडा झाला. पैसे तितकेच कमी होते, प्रत्येकाने शब्द मात्र आपापल्या जागेवरून निवडला. बोलीतल्या शब्दात अर्थाबरोबर बोलणाऱ्याची जागाही असते. तेव्हा ‘झोल’ असा लिहून पाहा :

झोल (पु.) : हिशेब जुळत नाही एवढेच दिसते, पण तो कोणासाठी जुळत नाही हेही कळू लागते अशी स्थिती. आपण त्यात असल्यास ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतात.

आणि उद्गारचिन्हं काढून टाका, दोन्ही. ‘म्हणजे ना’ही काढा. कोश कधी हसत नाही, डोळा मारत नाही, समोरच्याला कोपर ढोसत नाही. तो गंभीर राहतो म्हणून आपण हसतो.

क्रियापदांचं निघालंच आहे तर आणखी एक. मराठी बोलीत किती गोष्टी ‘मारल्या’ जातात बघा : दांडी, कल्टी, थापा, बाता, गप्पा, चक्कर, लाइन, शायनिंग, मस्का, डोळा. एवढ्या मारामारीत कुणालाही खरचटत नाही. आणि काही गोष्टी ‘खाल्ल्या’ जातात : भाव, डोकं, माती, बोलणी, शिव्या. क्रियापदाची व्याख्या क्रियापदानेच व्हावी, नामाची नामाने, हा कोशाचा साधा नियम आहे आणि नवशिके तोच सर्वांत जास्त मोडतात. ‘कल्टी मारणे : जेव्हा एखादा माणूस हळूच निघून जातो तेव्हा’ हे चालणार नाही. व्याख्या उचलून मूळ वाक्यात शब्दाच्या जागी बसवता आली पाहिजे.

कल्टी मारणे (क्रि.) : निरोप घेतल्यास थांबवले जाऊ या भीतीने निरोप न घेता निघणे.

भाव खाणे (क्रि.) : जायचे नक्की ठरलेले असताना आग्रहाची वाट पाहणे.

मस्का मारणे (क्रि.) : एखाद्याचे गुण, आपले काम निघण्याच्या आदल्या दिवशी, लक्षात येणे.

टेप लावणे (क्रि.) : ऐकणाऱ्याला पाठ झालेली गोष्ट त्याला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगणे.

तिसरी व्याख्या अजून मनासारखी झालेली नाही. ‘लक्षात येणे’ अकर्मक आहे आणि मस्का मारणं चांगलंच सकर्मक. ‘काम निघण्याच्या आदल्या दिवशी एखाद्याचे गुण त्याला ऐकू जातील असे मोजणे’ अधिक बरं. असा फेरफार चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत चालतो. तो कंटाळवाणा वाटत असेल तर हे काम आपलं नाही, असं समजायला हरकत नाही.

मराठी वाक्याची रचना इथे आपल्या बाजूने आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, आणि नकार तर अगदीच शेवटी. म्हणजे वाक्य कुठे जाणार हे शेवटच्या शब्दापर्यंत झाकून ठेवता येतं. ‘पाळले जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक असलेले वचन’ ही आश्वासनाची व्याख्या बरोबर आहे, पण तिचा दारूगोळा पहिल्या तीन शब्दांतच उडतो आणि ‘वचन’ म्हणेपर्यंत नुसता धूर उरतो. तीच फिरवून : ‘असे वचन, जे देताना देणाऱ्याचा आणि ऐकताना ऐकणाऱ्याचा विश्वास बसलेला नसतो.’ शब्द वाढले, तरी ही चांगली. व्याख्या आखूड हवी हा सल्ला सगळे देतात, पण ती योग्य जागी संपणं आखूडपणाहून जास्त महत्त्वाचं.

व्याकरणही विनोदाला वापरून घ्या. ‘आलोच’ हा शब्द बघा. रूप भूतकाळाचं, अर्थ भविष्यकाळाचा, आणि भरवसा कुठल्याच काळाचा नाही. कोशात व्याकरणाची माहिती कंसात येते. तिथेच निम्मं काम करून टाकायचं :

आलोच (क्रि., भूतकाळी रूप, भविष्यकाळी अर्थ) : अजून निघालेलो नाही.

बघू (क्रि.) : नकाराचे सभ्य रूप. ‘बघू या’ : तोच नकार, ऐकणाऱ्यालाही सहभागी करून घेऊन.

सहज (क्रि.वि.) : फोनवरच्या पहिल्या वाक्यात येणारा शब्द. काम तिसऱ्या वाक्यात निघते.

आगाऊ (वि.) : १. (रक्कम) वेळेआधी मिळालेली, म्हणून हवीशी. २. (मूल) वेळेआधी शहाणे झालेले, म्हणून नकोसे.

दीडशहाणा (वि.) : शहाण्यापेक्षा पन्नास टक्के जास्त, म्हणून बराच कमी.

‘आगाऊ’सारखे शब्द सापडले की सोडू नका. त्यांच्यात विनोद भाषेनेच करून ठेवलेला असतो, आपण फक्त दोन्ही अर्थ आकडे घालून एकाखाली एक लिहायचे.

आणखी एक प्रकार मला फार आवडतो : रूपं चालवणं. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४८ साली बीबीसीवरच्या कार्यक्रमात याचा नमुना दिला होता. त्याचा आशय असा : मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकरासारखा अडेलतट्टू मूर्ख आहे. एकच गुण पुरुषागणिक उतरत जातो. मराठीत या खेळाला तोटा नाही, कारण एकाच स्वभावाला आपल्याकडे तीन-तीन पायऱ्यांचे शब्द तयार आहेत. मी काटकसरी, तू चिकट, तो कंजूष. मी चौकस, तू भोचक, तो चोंबडा. मी स्पष्टवक्ता, तू फटकळ, तो तोंडाळ. मी निवांत, तू सुस्त, तो ऐतखाऊ. मी मनमिळाऊ, तू बडबड्या, तो चिपकू. हे स्वतंत्रपणे लिहिलं तरी वाचनीय होतं, आणि नोंदीत सूचना म्हणून टाकलं तर अधिक : ‘कंजूष (वि., फक्त तृतीय पुरुषी)’. एवढीच नोंद, पुढे अर्थही द्यायला नको.

शब्द गोळा कसे करायचे याबद्दल थोडक्यात. नुसता शब्द टिपून ठेवू नका, आख्खं वाक्य टिपा, आणि कोण कुणाला म्हणालं तेही. ‘बे’ विदर्भात मित्राला मित्र सहज लावतो. तेच संबोधन पुण्या-मुंबईच्या कानाला उद्धट वाटू शकतं. ‘नाद खुळा’ कोल्हापूरकराच्या तोंडी कौतुक असतं, आणि कशाचं कौतुक ते सांगायची गरज उरत नाही. ‘विषय हार्ड’ तसंच. असे शब्द ‘खूप छान’ म्हणून समजावणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. प्रदेशाची खूण कंसात जरूर द्या. पिढीचीही द्या. एके काळी कॉलेजात बंडल, झकास म्हणणारे आता आजी-आजोबा झाले आहेत, आणि आई-वडील जो शब्द उत्साहाने वापरू लागतात तो मुलं मुकाट्याने सोडून देतात. त्यामुळे तुमची व्याख्या पाच-सात वर्षांत जुनी दिसेल. दिसू द्या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत बोलण्यातले वाक्प्रचार आणि म्हणी भरभरून आहेत, आणि त्यातलं जे आता कुणी बोलत नाही तेच वाचायला मला जास्त गंमत वाटते.

शिवीवजा शब्दांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते येणारच. बोलीतले बरेच शब्द कुणाची तरी जात, शरीरातलं व्यंग किंवा बाईपण यांच्यावर उभे असतात, आणि वापरणाऱ्याला ते अनेकदा माहीतही नसतं. गंभीर कोश असे शब्द ‘अशिष्ट’ किंवा ‘निंदाव्यंजक’ अशी खूण करून नोंदवतो, कारण शब्द आहे हे नाकारता येत नाही. विनोदी संग्रहाला असं कुठलंच बंधन नाही, काय घ्यायचं ते तुम्ही निवडता. मी ते घेत नाही. त्यांच्यावर लिहिलेला विनोद शब्दाच्या जोरावर चालतो, व्याख्येच्या नाही, म्हणजे कारागीर म्हणूनही त्यात हाताला काही लागत नाही. ज्याच्याकडे काहीतरी वजन आहे, ज्याला थोडंसं खाली आणल्याने काही बिघडणार नाही, त्याच्यावर लिहा : साहेब, पाहुणा, तज्ज्ञ, अध्यक्षीय भाषण, आपण स्वतः.

तज्ज्ञ (पु.) : प्रश्न एका ओळीचा असताना उत्तर आवरता न येणारा माणूस.

शेवटी मांडणीतली एक बारीक गोष्ट. संग्रह अकारविल्हे लावा, विषयवार नको. अकारविल्हे लावल्याने ‘प्रामाणिकपणा’नंतर लगेच ‘बंडल’ येतं, ‘मस्का’नंतर ‘मित्र’ आणि मग ‘मीटिंग’. हे शेजार तुम्हाला ठरवूनही सुचले नसते. त्याच मांडणीत ‘पाहा’ ही कोशातली सोय हाताशी येते, एका नोंदीवरून दुसरीकडे पाठवण्याची. ती जपून वापरा, पन्नास नोंदींत एखादी. ‘पुनरुक्ती : पुनरुक्ती पाहा’ हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे, ते नको. ‘निर्णय : मीटिंग पाहा’ चालेल, पण मग ‘मीटिंग’च्या नोंदीत निर्णयाचा उल्लेख चुकूनही येता कामा नये. आणि ‘चालढकल’ या शब्दापाशी फार वेळ घालवू नका. ‘नंतर पाहा’ एवढं लिहून पुढे जा.